मैदानात बसलेला देव

२४ मार्च. टाकी धुवायची होती.

शाळेच्या गच्चीवर प्लास्टिकची काळी टाकी आहे. महिन्यातून एकदा ती रिकामी करून घासली नाही तर पोरांची पोटं बिघडतात आणि मग त्यांच्या आया माझ्या दारात उभ्या राहतात. आमच्याकडे शिपायाची जागा मंजूर आहे, शिपाई नाही. त्यामुळे पदर खोचून, खराटा घेऊन मुख्याध्यापिका टाकीत उतरते. गेली काही वर्षं ती मुख्याध्यापिका मी आहे.

मी राहते वारज्याला. शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरीच्या बाजूला. पूर्वी ती जिल्हा परिषदेची होती. गाव महापालिकेत आलं तेव्हा पाटी बदलली. वर्ग तेवढेच राहिले, पहिली ते चौथी. पाचवीसाठी पोरांना सोलापूर रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं, आणि तो रस्ता आम्हा मोठ्यांनाही धड ओलांडता येत नाही.

शाळेच्या एका अंगाला गावठाण. जुनी घरं, स्वतःच्या विहिरी, बोअर, दारात ट्रॅक्टर आणि मोटार. दुसऱ्या अंगाला खोल्या. गावातल्यांनीच ऊस मोडून रानात पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या आणि भाड्याने दिल्या. तिथं परभणी, हिंगोली, वाशीमकडची माणसं राहतात. बांधकामावर, गोदामात, कंपनीत कामाला जातात. खोल्यांना नळ नाही. टँकर येईल तेव्हा पाणी. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसतं.

दोन्हीकडची पोरं माझ्या शाळेत एका बाकावर बसतात. त्यांच्या आया एका रांगेत उभ्या राहू शकत नाहीत.

त्या सकाळी मी गच्चीवर टाकीत अर्धी वाकले होते तेव्हा टँकर शाळेच्या फाटकातून आत आला. तो शाळेसाठी मागवलेला होता. मी वरून ओरडून ड्रायव्हरला फाटक लावून घ्यायला सांगितलं. त्याने हात केला आणि खाली उतरून तंबाखू मळायला लागला. तेवढ्यात खोल्यांकडच्या बायका आल्या. फाटकातून नाही, भिंतीवरून. आधी हंडे आत पडले, मग बायका.

गावठाणातल्या बायका पोरांना सोडायला आल्या होत्या, त्या मध्ये पडल्या. मी जिने उतरेपर्यंत पाइप एकीच्या हातात, त्याचं तोंड दुसरीच्या हातात आणि पाणी दोघींच्या पायांवर वाहत होतं.

"शाळंचं पानी हाय हे! लाज हाय का न्हाय?" आमची खिचडीवाली मावशी पाइप ओढत होती. ती गावठाणातली, पन्नाशीपुढची, अंगाने दणकट. पोषण आहाराचं तिच्याकडे आहे.

"आमची पोरं शाळेची नाहीत का मग? घरी काय कोरडी बसवू?" हे परभणीहून आलेली, जिला सगळे परभणीचीच म्हणतात, ती म्हणाली. तिचा मुलगा दुसरीत आहे. खोल्यांमधल्या बायका ती म्हणेल तिकडे जातात.

"खोल्या सोडा अन् जावा तुमच्या गावाकडं."

"भाडं घेताना गाव नाही विचारलं, मावशे!"

मावशीने हातातली पितळी कळशी फिरवली. परभणीचीच्या कपाळावर, केसांच्या रेषेवर बसली. आवाज असा झाला की क्षणभर सगळ्या थांबल्या. मग परभणीचीने रक्त पुसलं, हात बघितला आणि मावशीचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं. बाकीच्याही एकमेकींवर पडल्या. कुणाच्या बांगड्या फुटल्या, कुणाचं ब्लाउज फाटलं. ड्रायव्हर सोडवायला गेला, त्याला दोन्हीकडून चपला बसल्या. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

मी टँकरचा कॉक बंद केला आणि त्याच्यापुढे उभी राहिले. हातात खराटा होता. "पुढे येईल तिला हाणीन," म्हटलं. एक आली, तिला हाणला. मग शांतता झाली. परभणीचीच्या कपाळाला टाके पडले. पाणी निम्मं वाहून गेलं होतं.

हे सगळं पाण्यावरून झालं असं वाटेल. पाणी रोजचंच होतं. त्याच्यामागे शाळेचं मैदान होतं.

गाव वाढतंय म्हणून महापालिकेने आमच्यासाठी दोन कामं मंजूर केली होती: पाण्याची उंच टाकी आणि शाळेच्या नव्या खोल्या, म्हणजे सातवीपर्यंत वर्ग. सरकारी मोकळी जागा गावात एकच उरली होती, आमचं मैदान. ते शाळेसाठी गावकऱ्यांनीच कधीकाळी दिलं होतं. दोन्ही कामं मार्चअखेरच्या आत सुरू झाली नाहीत तर पैसा परत जाणार होता. परत गेलेला पैसा आमच्यासारख्या गावाकडे पुन्हा किती वर्षांनी येतो, ते मला माहीत होतं. तोवर दर वर्षी एक चौथी रस्ता ओलांडणार होती.

दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याकडचा तरुण इंजिनिअर आखणी करायला आला. पांढरी फक्की, फीत, दोन मदतनीस. तो नियमाने वागणारा मुलगा. नियमाने त्याने आधी स्वतःच्या खात्याचं काम केलं. मैदानाच्या कोपऱ्यात टाकीचा चौकोन आखला आणि शाळेच्या खोल्यांची आखणी भवन विभागवाले येऊन करतील, असं मला सांगितलं.

"कधी?" मी विचारलं.

"त्यांचं त्यांना माहीत, मॅडम. मला बघायला जमणार नाही."

"मग ही आखणी आत्ता पुसा. दोन्ही एकदम करा."

"असं नसतं, मॅडम."

तो गाडीकडे वळतो न वळतो तोच गावठाणात बातमी पोचली: मैदान टाकीला गेलं, शाळेच्या खोल्या बुडाल्या, पाणी भाडेकरूंना. बायका निघाल्याच. पुढे मावशी, अंबाड्याची जागा अजून सुजलेली. मी मध्ये उभी राहिले, मला बाजूला सारलं. इंजिनिअरची कॉलर धरली, त्याच्याच घमेल्यातली फक्की त्याच्या डोळ्यांत घातली. तो आंधळ्यासारखा हात फिरवत होता आणि त्याला चपला, केरसुण्या, मिळेल ते बसत होतं. एकीने त्याच्या कानाला धरून असं हिसकलं की पाळी फाटली. मदतनीस गाडी टाकून पळाले. गाडी गावातल्या तरण्या पोरांनी आडवी करून पेटवली.

मी त्याला ओढत ऑफिसात आणलं आणि डोळे धुतले. कालच घासलेल्या टाकीचं पाणी त्यासाठी उपयोगाला आलं. तो रडत होता. "मी फक्त आखत होतो," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"अर्धंच आखत होता," मी म्हणाले. तेव्हा त्याला औषध हवं होतं आणि मी सुनावत होते. पण ते खरं होतं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी गाडी लावली तर मैदानात, बरोबर फक्कीच्या चौकोनाच्या मध्यावर देव बसला होता.

हातभर नाही, त्याहून आखूड उभा दगड. शेंदूर इतका की ओघळ वाळले होते. पुढे लिंबू, नारळ, उदबत्ती. आजूबाजूला गावठाणातल्या चार-पाच म्हाताऱ्या हात जोडून. आमच्या भागात जागा वाचवायची ही जुनी रीत आहे. कोर्टात गेलं तर वर्षं जातात. शेंदूर लावला तर एका सकाळीत काम होतं. कुठलाही ठेकेदार शेंदराला मशीन लावत नाही.

ठेकेदार आलाच. लांबूनच पाहिलं, चप्पल काढली, नमस्कार केला आणि मला म्हणाला, "बाई, मी संसारी माणूस आहे. देव हलवा, मग बोलवा."

"शाळेच्या खोल्या तरी सुरू कर," मी म्हटलं.

"देवाला पाठ करून पाया खणू? तुम्हीच सांगा."

म्हणजे टाकी अडवायला बसवलेल्या देवाने शाळाही अडवली. मी मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "द्येव स्वयंभू हाय. आमी काय केलंय?"

त्या दिवशी खिचडीत लसणाच्या अख्ख्या पाकळ्या होत्या. पोरांना वाढण्याआधी खिचडी चाखायची, असा नियम आहे. मी चाखली आणि पाकळी दाताखाली आली. डोक्यात बाकीचं एवढं होतं की मी ती गिळून टाकली.

खोल्यांमधली माणसं दुसऱ्या दिवशी आली. या वेळी बायकांबरोबर पुरुष होते, कामावर खाडा करून आलेले. हातात पहारी, फावडी. पुढे परभणीची, कपाळाला पट्टी. "देव काढत नाहीत तर आम्ही काढतो," ती ओरडली. "तहानेनं मारणारा कसला देव?"

गावठाणातून काठ्या निघाल्या. शाळा भरलेली होती. मी चारही वर्गांना आतून कड्या लावायला सांगितलं, पोरांना बाकांखाली बसवलं आणि शिक्षिकांना पाढे म्हणून घ्यायला सांगितलं, मोठ्याने. बाहेर काठ्यांचा आवाज आणि आत बे एके बे. एका माणसाचा गुडघा काठीने फुटला, त्याचं हाड दिसत होतं. एकाच्या पाठीत फावडं बसलं, तो सरळ तोंडावर पडला आणि त्याच्यावरून माणसं गेली. धुळीत कोण कुणाला मारतोय ते त्यांनाही कळत नव्हतं. दोन भावांनी एकमेकांनाच हाणलं, हे नंतर कळलं.

एक दगड चौथीच्या खिडकीतून आत गेला. काच फुटली आणि मावशीच्या नातीच्या भुवईवर बसली. दगड कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. खिडकीची दिशा बघता तो गावठाणाकडून आला होता.

पोरगी ओरडली तशी मावशी मैदानातून शाळेकडे पळाली नाही. ती देवापुढे आडवी पडली. मी हे विसरणार नाही. तिला वाटलं, देवाचा कोप झाला, आता देवाला धरून ठेवलं तरच पोरगी वाचेल. आणि परभणीचीचा नवरा पहार उचलून तिच्यावर उभा होता. तो दगड फोडायला आला होता. दगडावर बाई होती. त्याचे हात वर गेलेले होते आणि ते खाली येणार होते.

व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला आहे, ती आमची घंटा. तिचा लोखंडी हातोडा मी घेतला होता. पळत गेले आणि त्याच्या मनगटावर मारला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. पहार मावशीच्या कानाशेजारी जमिनीत रुतली.

तो ओरडला, "बाई, तुम्ही?" त्याचा मुलगा माझ्याकडे दुसरीत. मागच्याच महिन्यात पालक-सभेला तो एकटा पुरुष आला होता.

"मी," म्हटलं. "बस खाली."

तो बसला. पोलिसांची गाडी आल्यावर बाकीचे पांगले. चौकीत हवालदाराने विचारलं, "मॅडम, हात तुम्ही मोडला?"

"हो."

"स्वसंरक्षणार्थ लिहू?"

"मला कोण मारत होतं? तिला वाचवायला मारलं, तसं लिहा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही पेठेतल्या का हो?"

"माहेर. लिहा."

हवालदाराला विचारलं, तुम्ही देव हलवाल का. तो म्हणाला, वरून आदेश लागेल. वर कुणाला विचारू, ते त्याने सांगितलं नाही.

शाळेत परतले तेव्हा दुपार झाली होती. इंजिनिअर कानाला पट्टी लावून ऑफिसात बसलेला होता. कामावर परत आला याचं मला कौतुक वाटलं, बोलून दाखवलं नाही. त्याने पिशवीतून नकाशा काढून टेबलावर पसरला. टाकी कोपऱ्यात, खांबांवर. तिच्या शेजारी शाळेच्या खोल्या, संडास, पटांगण. सगळं एकाच कागदावर. दोन्ही मावत होतं. पहिल्या दिवसापासून मावत होतं.

"हे त्या बायकांना का नाही दाखवलं?"

"मला वाटलं त्यांना नकाशा समजणार नाही."

"गुंठा-गुंठा मोजून जमिनी विकलेल्या बायका आहेत त्या. तुमच्यापेक्षा बऱ्या वाचतील."

"पण देव आहे तोवर ठेकेदार येणार नाही, मॅडम. आणि मार्च संपतोय."

मी पाणी प्यायला स्वयंपाकाच्या खोलीत गेले. मावशी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या भुवईला टाके. कोपऱ्यात पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याच्या शेजारी लसणाचा ढीग आणि स्टीलचा पेला, बुडाशी चेमटलेला. पेल्याने लसूण ठेचत होती तर.

"मावशी, वरवंटा कुठाय?"

तिने पेला पाट्यामागे सरकवला.

"मावशी."

"असंल कुठंतरी."

"मैदानात आहे?"

तिने नातीच्या डोक्यावरून पदर घेतला. म्हणाली, "रातीत दुसरा उभा दगुड मिळंना. सगळे गोल. ह्योच बरा बसला." मग घाईने, "पर आता द्येव झालाय त्यो. नारळ फोडलाय. आता हलीवला तर पोरीचं काय हुईल? आधीच रगत घेतलंन."

वरवंट्याने आमच्या पोरांना दोन दिवस अख्खा लसूण खायला घातला आणि एकाचं मनगट माझ्याकडून मोडून घेतलं. हसावं असं मला वाटलं नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसले.

"नातीचं बारसं कुणी केलं?"

"मीच की."

"वरवंटा घेतला होता?"

"घेत्यातच. अंगडं-टोपडं घालून, पाळण्याखालनं."

"तेव्हा तो कोण होता?"

"गोविंद."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिशी चटणी वाटली."

"गोविंदाचा कोप झाला?"

"न्हाय. पर तवा त्याला शेंदूर नव्हता, बाई."

"गणपतीला तर सोन्याचा मुकुट असतो. उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, जागचा हलवला की माती होते ना? मग पाण्यात सोडतो ना आपण? देवाला यायचं बोलावणं असतं, तसं जायचंही असतं. तुम्ही बोलावलंत, निरोप दिला नाहीत. म्हणून अडकून बसलाय बिचारा. उन्हात."

नातीने मध्येच विचारलं, "आजे, म्हंजी मी पाचवीला हितंच का?"

"निरोप कोन देनार?" मावशी म्हणाली. "भटजी यायचा न्हाय. त्याला भ्या वाटंल."

"मी देते. तुम्ही शेजारी उभ्या राहा. आणि तिलाही बोलवायचं."

"तिला? कपाळफुटीला?"

"तिच्या कपाळावर कळशी कुणी घातली?"

"बोलवा," मावशी म्हणाली.

तिथून मी नकाशा घेऊन खोल्यांकडे गेले. परभणीचीचा नवरा प्लास्टरमध्ये हात घेऊन दारात बसला होता. मी नकाशा त्यांच्या चुलीपाशी पसरला. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण कागदावर बोट फिरवत होती. टाकीच्या चौकोनावर बोट थांबलं. मग शेजारच्या खोल्यांवर.

"सातवीपर्यंत?" तिने विचारलं.

"सातवीपर्यंत."

"आधी सांगितलं असतं तर यांचा हात वाचला असता."

"खरं आहे. सकाळी लवकर या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वारज्याहून ताम्हण, तांदूळ, हळद-कुंकू आणि वाटीभर दही डब्यात घालून आणलं. सूर्य वर आलेला नव्हता. मावशी आली, मागे गावठाणातल्या म्हाताऱ्या. परभणीची आली, मागे तिच्या बायका. मध्ये बरंच अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मी खाली बसले, हळद-कुंकू वाहिलं, दही ठेवलं, नमस्कार केला आणि मराठीतच म्हणाले, "आलात, राहिलात, उपकार झाले. इथे पोरं शिकायची आहेत आणि पाणी यायचं आहे. आता आपण आपल्या ठिकाणी परत जावं." अक्षता टाकल्या. गणपतीला म्हणतो तसं ‘पुन्हा या’ मात्र मी मुद्दाम म्हटलं नाही.

मावशीने दोन्ही हातांनी दगड धरला आणि उजवीकडे थोडा हलवला. काही झालं नाही. तिने तो उपटला. फक्कीच्या चौकोनात एक भोक उरलं.

इंजिनिअर फीत घेऊन उभा होता, मदतनीस आले नव्हते. त्याने फितीचं एक टोक मावशीच्या हातात दिलं, दुसरं परभणीचीच्या. आधी शाळेच्या खोल्या आखल्या, मग टाकी. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"नीट ओढ की," मावशी म्हणाली. "हंडा वढतीस तशी."

"कळशी नाही ना तुमच्या हातात? मग ओढते."

ठेकेदाराने चप्पल घालूनच मैदानात पाऊल टाकलं.

वरवंटा मी स्वयंपाकघराच्या मोरीत राख आणि काथ्याने घासला. शेंदूर भेगांत राहिला, तो सुईने काढला. उकळतं पाणी ओतलं. मग शाळा भरली. पहिला तास झाल्यावर मी नियमाप्रमाणे खिचडी चाखली. लसूण नीट वाटलेला होता. मीठ कमी होतं, तसं मावशीला सांगितलं.